पाच साळींचा हिशोब

मुलांसाठी छापलेल्या बोधकथांच्या पुस्तकांत राजगृहाचा धन्य सार्थवाह आपल्या चार सुनांच्या हातावर पाच-पाच दाणे ठेवताना दाखवलेला असतो. चित्रकार हे दाणे बहुधा पांढरेशुभ्र रंगवतो. अक्षता म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर तांदूळच येतो, त्यामुळे त्याला फारसा दोष देता येत नाही. परंतु धान्याच्या पेढीवर बसणाऱ्या वाचकाला त्या चित्रातली अडचण तत्काळ ध्यानात येईल. कांडून पांढरा केलेला तांदूळ पेरला तर उगवत नाही. सुनांना असे तांदूळ मिळाले असते तर धाकट्या रोहिणीची सारी दूरदृष्टी व्यर्थ गेली असती आणि कथा तिथेच संपली असती. मूळ सूत्रात धन्याने दिले ते ‘शालि-अक्षत’, म्हणजे न भंगलेल्या, तुसासकट साळी. याचा पुरावाही सूत्रातच आहे. दुसरी सून भोगवती ते दाणे आधी सोलते आणि मग खाते.

एवढ्या बारीक गोष्टीचा ऊहापोह कशासाठी, असे कोणी म्हणेल. माझ्या मते या कथेचा जीव त्या तुसातच आहे. सासऱ्याने सुनांच्या हाती दिले ते बी होते; मात्र ते बी आहे असे त्याने कोणाला सांगितले नाही. मुलांना प्राचीन कथा सांगताना आपण नेमके असे तपशील गाळतो, कथा चार वाक्यांत आटोपतो आणि शेवटी ‘तात्पर्य’ म्हणून एक ओळ जोडून देतो. ती ओळ मुले पाठ करतात, परीक्षेत लिहितात आणि विसरतात. रोहिणीची कथा त्या एका ओळीहून फार मोठी आहे. म्हणून या वेळी ती जरा सावकाश सांगतो.

ही कथा श्वेतांबर परंपरेने जपलेल्या सहाव्या अंगात, म्हणजे ‘ज्ञाताधर्मकथा’ या आगमात येते. तेथील ‘ज्ञात’ या शब्दाचा अर्थ टीकाकार उदाहरण, दृष्टान्त असा करतात. पहिल्या श्रुतस्कंधात एकोणीस अध्ययने आहेत. त्यांत अवयव आवरून बसणारे कासव आहे, मातीच्या लेपांनी बुडणारा आणि लेप सुटताच वर येणारा भोपळा आहे, सशासाठी पाय उचलून धरणारा हत्ती आहे. सातवे अध्ययन रोहिणीचे.

धन्य सार्थवाह श्रीमंत होता, त्याची पत्नी भद्रा. त्यांना धनपाल, धनदेव, धनगोप आणि धनरक्षित असे चार मुलगे होते. मुलांची नावे सूत्रकार एकदा सांगतो आणि पुढे त्यांच्याकडे वळूनही पाहत नाही, हे लक्षात ठेवावे. एके रात्री धन्याची झोप उडाली. आपण परगावी गेलो, आजारी पडलो, अपंग झालो किंवा मरण पावलो, तर या कुटुंबाचा आधार कोण होईल, या विचाराने तो जागा राहिला. अडीच हजार वर्षांचे अंतर गळून पडावे असा हा विचार आहे. आपल्यापैकी साठी ओलांडलेल्या किती गृहस्थांनी तो याच शब्दांत केला असेल!

दुसऱ्या दिवशी त्याने आप्तस्वकीयांना आणि चारही सुनांच्या माहेरच्या मंडळींना जेवायला बोलावले. जेवणे झाल्यावर सर्वांच्या देखत त्याने प्रत्येक सुनेला पाच साळी दिल्या आणि सांगितले की या सांभाळून ठेवा, मी मागेन तेव्हा परत द्या. साक्षीदार आधी, ठेव नंतर. व्यवहार चोख होता. मुदत तेवढी सांगितली नव्हती.

थोरल्या उज्झिकेने मनाशी विचार केला की सासऱ्यांच्या कोठारात साळींच्या कणग्या भरलेल्या आहेत. मागतील तेव्हा त्यांतून पाच काढून देईन. तिने दाणे टाकून दिले. भोगवतीनेही तोच विचार केला, फक्त तिने ते सोलून खाल्ले. तिसरी रक्षिका थबकली. एवढ्या लोकांसमोर मामंजींनी हे दिले आहे, त्यात काही कारण असले पाहिजे, असे तिला वाटले. तिने दाणे स्वच्छ वस्त्रात बांधले, रत्नांच्या डबीत ठेवले, डबी उशाशी घेतली आणि दिवसातून तीन वेळा ती उघडून पाहू लागली.

रोहिणीलाही कारण असावे असे वाटलेच. परंतु तिने माहेरची माणसे बोलावली आणि सांगितले की पहिला पाऊस झाला की लहानसा वाफा नीट तयार करून या पाच साळी पेरा. रोपे आली की उपटून पुन्हा लावा, भोवती कुंपण घाला, राखण करा. उपटून पुन्हा लावण्याचा उल्लेख सूत्रात स्पष्ट आहे. मावळात आणि कोकणात आजही आषाढात चिखलात उभे राहून जी भातलावणी होते, तीच ही. पीक आले, मळणी झाली, दाणे नव्या घड्यांत भरून, तोंडे लिंपून, वर खूण करून ठेवले गेले. दुसऱ्या पावसात तेच सारे पुन्हा पेरले. तिसऱ्या आणि चौथ्या वर्षीही तसेच. लहान मापापासून सुरू झालेला हा हिशोब शेकडो कुंभांपर्यंत गेला.

मुलांना इथे थांबवून पाटी-पेन्सिल द्यावी. एका साळीपासून शंभर साळी मिळतात असे धरू. पाचाच्या पहिल्या वर्षी पाचशे होतात; त्या सगळ्या मुठीत मावतात, वजन बारा-तेरा ग्रॅम. दुसऱ्या वर्षी पन्नास हजार, म्हणजे सव्वा किलो. तिसऱ्या वर्षी ५० लाख, म्हणजे सव्वा क्विंटल. चौथ्या वर्षी ५० कोटी. हजार साळींचे वजन सुमारे २५ ग्रॅम धरले तर हा ढीग १२५ क्विंटलचा होतो. आपल्या मुलांना चक्रवाढ व्याज शाळेत सूत्र म्हणून शिकवतात. या कथेत ते चिखल, पाऊस आणि राखणदार यांच्यासह भेटते. शिवाय आणखी एक गोष्ट कळते, जी सूत्रात दिसत नाही. पहिल्या वर्षीची ती मूठभर रास पाहून कोणीही म्हणाले असते की एवढ्या खटाटोपातून हाती काय आले? पहिली दोन वर्षे रोहिणी आणि रक्षिका यांच्यात बाहेरून पाहणाऱ्याला फारसा फरक दिसला नसता.

पाचव्या वर्षी धन्याने पुन्हा तीच मंडळी जमवली आणि दाणे मागितले. उज्झिका कोठारात गेली, कणगीतून पाच साळी आणून तिने त्याच्या हातावर ठेवल्या. धन्याने तिला शपथ घालून विचारले की हे तेच दाणे आहेत का? तिने खरे सांगितले: ते नव्हेत. भोगवतीनेही खरे सांगितले. रक्षिकेने डबी आणून दिली. तिचे दाणे तेच होते. रोहिणी म्हणाली की मला गाड्या द्या, त्याशिवाय तुमचे दाणे परत करता येणार नाहीत. गाड्या तिच्या माहेरी गेल्या आणि साळी भरून राजगृहाच्या रस्त्यांतून परत आल्या. लोक घराबाहेर येऊन पाहत राहिले.

मग धन्याने कामे वाटली. उज्झिकेकडे झाडलोट, राख-शेण काढणे आणि पाय धुण्याचे पाणी देणे, अशी कामे आली. भोगवतीकडे दळण-कांडण, स्वयंपाक आणि वाढणे. रक्षिकेकडे जडजवाहीर आणि भांडार. रोहिणीला त्याने कुटुंबाच्या सर्व कार्यांत सल्ला विचारण्याजोगी, घराची प्रमुख म्हणून नेमले. वयाने ती सर्वांत धाकटी होती.

पाठशाळेत ही कथा पूर्ण सांगितली की मुले हमखास एक प्रश्न विचारतात. उज्झिका खरे बोलली, मग तिला झाडू का? प्रश्न झटकून टाकू नये, तो उत्तम आहे. मला त्याचे उत्तर असे वाटते की खरे बोलल्यामुळेच ती घरात राहिली. कोणालाही धन्याने घराबाहेर काढले नाही, माहेरी पाठवले नाही, उपाशी ठेवले नाही. त्याने फक्त एवढे ठरवले की कोणाच्या हाती काय सोपवता येईल. टाकून देण्याची सवय असलेल्या हाताला टाकण्याचे काम मिळाले. परंतु दुसरी शंका उरतेच, आणि तीही मुलेच काढतात. परीक्षा आहे हे आधी का सांगितले नाही? यावर वडीलधाऱ्यांनी घाईने धन्याची बाजू घेऊ नये. पेढीवर पहिल्यांदा बसलेल्या मुलाला गल्ल्यात दहा रुपये जास्त निघाल्यावर तो काय करतो, हे कोणी आधी सांगून पाहते का, असे विचारून पाहावे. मुले आपापसांत वाद घालतात. घालू द्यावा.

एक खुलासा मात्र आवश्यक आहे. सूत्रात या कथेचा उपनय, म्हणजे कथा कशाला लावायची ते, स्पष्ट दिलेले आहे. पाच साळी ही पाच महाव्रते. ती घेऊन टाकून देणारा, त्यांच्यावर उपजीविका करणारा, ती जपणारा आणि ती वाढवणारा असे चार प्रकारचे साधक. म्हणजे मुळात हा उपदेश श्रमणांसाठी आहे. गृहस्थाच्या घरातले उदाहरण घेऊन तो केला आहे, कारण ऐकणाऱ्यांना कोठार, कणगी आणि किल्ल्या ठाऊक होत्या. ‘उत्तराध्ययन’ सूत्राच्या सातव्या अध्ययनातही असेच आहे. तीन वाणी मुद्दल घेऊन निघतात. एक नफा घेऊन येतो, एक मुद्दल तेवढे परत आणतो, तिसरा मुद्दलही गमावून बसतो. मनुष्यजन्म हे मुद्दल, देवगती हा लाभ, नरक आणि तिर्यंच गती ही मुद्दलाची हानी. ही उपमा व्यवहारातली आहे, धर्माच्या बाबतीतही असेच जाणा, असे सूत्रकार स्वतःच सांगून टाकतो. व्यापाऱ्याच्या वहीला एवढा मान देणारे धर्मवाङ्मय थोडे असेल.

हर्मन याकोबी या जर्मन पंडिताने १८९५ साली उत्तराध्ययनाचा इंग्रजी अनुवाद प्रसिद्ध केला, तेव्हा या तीन वाण्यांचे बायबलमधील एका दृष्टान्ताशी असलेले साम्य त्याने नोंदवले. तिथे धनी परगावी जाताना सेवकांना द्रव्य देऊन जातो. एक सेवक भीतीने ते जमिनीत पुरून ठेवतो आणि धनी आल्यावर जसेच्या तसे परत करतो. धनी त्याच्याजवळचे ते द्रव्यही काढून घेतो आणि त्याला बाहेर घालवतो. आपल्या रक्षिकेने अगदी हेच केले होते. परंतु धन्याने तिला भांडाराच्या किल्ल्या दिल्या. हा फरक मला फार मोलाचा वाटतो. वाढवण्याची कुवत प्रत्येकाला नसते. सांभाळण्याची असली तरी घराला तिची गरज आहे. घरातल्या एखाद्या मुलाला धंद्याची धडाडी नाही म्हणून आपण त्याला जन्मभर कमी लेखतो, तेव्हा रक्षिका आठवावी.

आता पंचतंत्राकडे वळतो, कारण मुलांना त्याच्या कथा अधिक ठाऊक असतात. ते आपल्याला परके नाही. जैन मुनी पूर्णभद्र यांनी ११९९ साली पंचतंत्राची एक विस्तृत आवृत्ती सिद्ध केली आणि ती आजही अभ्यासली जाते. त्यातल्या ‘मित्रभेद’ तंत्रात लोखंडी तराजूची कथा आहे. द्रव्य गमावलेला एक वणिकपुत्र वाडवडिलांचा हजार पळे वजनाचा तराजू एका श्रेष्ठीकडे ठेव म्हणून ठेवतो आणि देशांतराला जातो. परत येऊन मागतो, तर श्रेष्ठी म्हणतो की तो उंदरांनी खाल्ला. वणिकपुत्र वाद घालत नाही. नदीवर स्नानाला जाताना तो श्रेष्ठीच्या मुलाला सोबत नेतो, गुहेत लपवतो आणि येऊन सांगतो की त्याला ससाण्याने उचलून नेले. प्रकरण न्यायाधीशांकडे जाते, सारे हसतात, तराजू आणि मुलगा यांची अदलाबदल होते. बौद्ध जातकांत याच कथेत तराजूच्या जागी नांगराचे फाळ आहेत.

मुलांना ही कथा रोहिणीच्या कथेपेक्षा अधिक आवडते, आणि का आवडणार नाही? लबाडाची फजिती होते. परंतु दोन्ही कथा एकामागून एक सांगून पाहाव्यात. दोन्हींत विषय ठेवीचाच आहे. पंचतंत्र विष्णुशर्म्याने तीन मंदबुद्धी राजपुत्रांना सहा महिन्यांत शहाणे करण्यासाठी रचले, अशी त्याची प्रस्तावना आहे; ठेव बुडवणाऱ्याकडून ती कशी काढावी, हे ते शिकवते. गुहेच्या तोंडाशी दगड लावल्यावर आत बसलेल्या त्या निरपराध पोराचे काय झाले असेल, याची चौकशी तिथे कोणी करत नाही. ज्ञाताधर्मकथेत ठेव बुडवणारीची फजिती नाही. हसण्याजोगे काही नाही. म्हणूनच ती सांगायला अधिक वेळ लागतो.

एक आक्षेप मोठी माणसे घेतात, मुले नाही. अपरिग्रह सांगणाऱ्या धर्माने पाचाचे पन्नास कोटी करणाऱ्या सुनेचे कौतुक कसे केले? उत्तर कथेतच आहे. वाढलेल्या साळींतला एकही दाणा रोहिणीने आपला मानला नाही. चार वर्षांत तिला मोह पडला असता तर पाच दाणे काढून द्यायचे आणि उरलेले माहेरी ठेवायचे, हा मार्ग मोकळा होता. कोणाला कळलेही नसते. तिने गाड्या मागितल्या. याच्या शेजारी ‘उपासकदशांग’ सूत्रातला वाणिज्यग्रामचा आनंद श्रावक ठेवून पाहावा. चार कोटी सुवर्णमुद्रा निधानात, चार कोटी व्यापारात, चार कोटी घरसंसारात. दहा हजार गाईंचा एक असे चार व्रज, पाचशे नांगरांची जमीन. भगवान महावीरांसमोर त्याने व्रत घेतले ते हे सोडून देण्याचे नव्हते. याच्या पुढे जाणार नाही, असे होते. रोहिणी वाढ कशी करावी ते दाखवते, आनंद कुठे थांबावे ते. एकाच कथेवर मुलाला वाढवले तर तो एक तर कंजूष होईल किंवा हावरट.

आणि सुनांचा विषय. ही कथा आपल्याकडे बहुधा नव्या सुनेला ऐकवली जाते, ‘रोहिणीसारखी हो’ म्हणून. ती खरे तर सासऱ्यांना ऐकवायला हवी. धन्याला चार मुलगे असून त्याने परीक्षा सुनांची घेतली, वयाचा क्रम मोडला आणि निर्णय चारही माहेरांसमोर जाहीर केला, म्हणजे मागाहून कोणाला कुजबुज करायला जागा राहू नये. आज आपल्या घरांत सी.ए. झालेल्या, बँकेत नोकरी केलेल्या मुली सून म्हणून येतात. त्यांना घराच्या किल्ल्या मिळतात. पेढीची खतावणी मात्र दाखवली जात नाही. पुष्कळ पेढ्या पुढच्या पिढीत कोण बसणार या चिंतेने बंद होण्याच्या वाटेवर आहेत, आणि उत्तर कधी कधी स्वयंपाकघरात उभे असते. धन्याची झोप उडाली तेव्हा त्याने चिंता केली आणि लगेच दुसऱ्या दिवशी जेवणाचे आमंत्रण दिले. आपण चिंता करून पुन्हा झोपतो.

ज्यांना ही कथा मुलांना सांगायची असेल त्यांच्यासाठी एक सूचना. भाताच्या गिरणीतून किंवा ओळखीच्या शेतकऱ्याकडून चार मुठी साळी आणून ठेवाव्यात. कथा सुरू करण्यापूर्वी प्रत्येक मुलाच्या हातावर पाच साळी आणि पाच तांदूळ ठेवावेत आणि धन्याने यांतले कोणते दिले असतील ते विचारावे. कारण सांगू नये. कथा संपेपर्यंत कोणाच्या मुठीत किती उरले, तेही पाहावे. माझ्या अनुभवात निम्मी मुले तोवर सोलायला लागलेली असतात.

पुढील अंकी चंपानगरीतील दोन मित्र आणि त्यांना वनात सापडलेली लांडोरीची दोन अंडी. एकाला राहवत नाही. तो रोज अंडे कानाशी नेऊन हलवून पाहतो.